पेट्रा : परतीचे बळ राखून पाहावयाचे पाषाणनगर

‘पेट्रा’ या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी खडक. जॉर्डनच्या दक्षिण भागात, वादी मूसा या डोंगराळ गावाला लागून, तांबूस वालुकाश्माच्या कड्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हे नगर कोरले गेले. नबातियन नावाच्या अरब लोकांची ही राजधानी. दक्षिण अरबस्तानातून ऊद, हिराबोळ आणि मसाले घेऊन निघालेले उंटांचे तांडे येथे विसावत आणि भूमध्य समुद्राच्या बंदरांकडे मार्गस्थ होत. त्या व्यापाराच्या संपत्तीतून खडकाला देवळांचे, थडग्यांचे आणि प्रेक्षागृहाचे रूप आले. १९८५ साली युनेस्कोने या नगराचा जागतिक वारशात समावेश केला.

आखाती देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलांकडे गेलेले आईवडील, किंवा निवृत्तीनंतर सहलसंस्थेबरोबर निघालेली जोडपी, आता पेट्रापर्यंत सहज पोहोचतात. वाचकहो, आपल्याही घरात असा बेत शिजत असेल, तर एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. पेट्रा हे वाहनातून उतरून, समोर पाहून, पुन्हा वाहनात बसण्याचे स्थळ नव्हे. ते पायांनी पाहावयाचे नगर आहे आणि तेथील वाट मोठी फसवी आहे. जाताना ती उताराची असते, परतताना चढाची. सकाळी ताज्या पायांना उतार लाभतो; दुपारी थकलेल्या पायांच्या वाट्याला चढ येतो. म्हणूनच पेट्रा पाहण्याचे खरे कौशल्य किती दूर जावे यात नसून, कोठून परतावे हे आधी ठरवण्यात आहे.

वाटेचा हिशेब

प्रवेशद्वारापासून ‘अल-खज्ना’ या सुप्रसिद्ध वास्तूपर्यंतचे अंतर सुमारे दोन किलोमीटर आहे. तेथून नगराच्या तळापर्यंत, म्हणजे ‘कस्र अल-बिंत’ या देवळापर्यंत, आणखी सुमारे दोन किलोमीटर. अर्थात केवळ मुख्य वाट पाहून परतायचे म्हटले, तरी आठ किलोमीटर चालणे होते. ‘अद-देर’ या डोंगरावरील वास्तूपर्यंत जायचे तर त्यात आठशेहून अधिक पायऱ्यांची भर पडते आणि त्या उतरायच्याही असतात.

या हिशेबातून तीन स्वाभाविक थांबे निघतात. पहिला थांबा खज्न्याचा, दुसरा प्रेक्षागृह व राजथडग्यांचा, तिसरा नगराच्या तळाचा. आपल्या घरच्या ज्येष्ठ व्यक्तीसाठी यांपैकी कोणता थांबा शेवटचा, हे आदल्या रात्री निवांत बसून सर्वांनी मिळून ठरवावे. दिवसा, समोर पुढचे दृश्य खुणावत असताना, हा निर्णय कोणालाच नीट घेता येत नाही.

प्रवेशद्वारापासून खज्न्यापर्यंत आता बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांची सोय आहे. त्यांचे भाडे वेगळे द्यावे लागते. एक सुचवावेसे वाटते. गाडी वापरायचीच असेल, तर ती जाताना न वापरता परतताना वापरावी. जातानाची वाट उताराची आणि अतिशय रमणीय आहे, ती चालण्याजोगी आहे; परतीचा चढ गाडीवर सोपवावा. गुडघ्यांना उतारच अधिक जाचत असेल, तर मात्र नेमके उलट करावे. परतीच्या गाडीसाठी रांग लागू शकते, म्हणून तिची चौकशी प्रवेश करतानाच करून ठेवावी.

घळीतून चालताना

प्रवेशद्वारापासून पहिला टप्पा मोकळ्या, उन्हाच्या वाटेचा आहे. दोन्ही बाजूंना खडकातून सुटे कोरून काढलेले चौकोनी ठोकळे दिसतात. बेदुईन लोकांनी त्यांना जिनांची घरे मानले. पुढे एक बंधारा लागतो आणि तेथून ‘सीक’ ही घळ सुरू होते.

सीक सुमारे बाराशे मीटर लांब आहे. काही ठिकाणी ती जेमतेम तीन मीटर रुंद होते आणि दोन्ही बाजूंचे कडे ऐंशी मीटरपर्यंत वर जातात. आकाशाची एक निळी पट्टी तेवढी डोक्यावर उरते. येथे सावली असते, गारवा असतो आणि आवाज घुमतो. सीकमध्ये घाई करू नये. ही वाट मुक्कामाकडे नेणारा बोळ नसून स्वतःच एक मुक्काम आहे.

चालता चालता दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी, साधारण कमरेच्या उंचीवर कोरलेल्या पन्हळी पाहाव्यात. एका बाजूला खापरी नळांतून पाणी नेत. हे पाणी वादी मूसा परिसरातील झऱ्यांचे. पाऊस अत्यल्प असलेल्या या प्रदेशात नबातियनांनी टाकी, बंधारे आणि पन्हळींचे जाळे उभारले, आणि त्याच्या आधारावर हजारो माणसांचे नगर वसवले. ज्यांनी मुंबईजवळची कान्हेरी लेणी पाहिली आहेत, त्यांना तेथील खडकात कोरलेल्या पोढ्या येथे आठवल्यावाचून राहणार नाहीत. खडकात राहणाऱ्या माणसांनी सर्वत्र आधी पाण्याची सोय पाहिली, हे दोन्हीकडे दिसते.

घळीच्या तोंडाशी असलेला बंधारा मात्र पाणी अडवून बाहेर वळवण्यासाठी आहे. नबातियनांनी तेथेच डोंगर पोखरून पुराच्या पाण्याला वेगळी वाट काढून दिली होती. ती व्यवस्था मोडकळीस आल्यानंतर १९६३ साली घळीत अचानक लोंढा आला आणि वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे नवा बंधारा बांधण्यात आला. २०१८ आणि २०२२ सालीही पुराच्या वेळी प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. सांगण्याचा हेतू भय घालण्याचा नाही. हिवाळी महिन्यांत पावसाचा इशारा असेल आणि रक्षक प्रवेश नाकारीत असतील, तर त्यांच्याशी वाद घालू नये. वेगाने धावत सुटणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी तर मुळीच नाही.

सीकमधील जमीन एकसारखी नाही. काही भागांत सपाट फरसबंदी आहे, काही भागांत प्राचीन दगडी फरशीचे झिजलेले, उंचसखल तुकडे आहेत, तर कोठे वाळू. प्रगतिशील भिंगाचा चष्मा वापरणाऱ्यांना खाली पाहताना जमीन धूसर दिसते आणि पाय चुकतो. चालताना चालावे आणि पाहायचे असेल तेव्हा थांबून पाहावे, एवढा एक नियम पाळला तरी बरेचसे अपघात टळतील. बॅटरीच्या गाड्याही याच घळीतून ये-जा करतात. ऐकू कमी येणाऱ्या व्यक्तीला भिंतीच्या बाजूला ठेवावे आणि सोबत्याने वाटेच्या बाजूने चालावे.

खज्न्यासमोर

घळीच्या शेवटच्या वळणावर कड्यांच्या फटीतून एक गुलाबी, उजळ पट्टी दिसू लागते. चार पावले पुढे जाताच अल-खज्ना समोर उभा राहतो. सुमारे चाळीस मीटर उंचीचा हा दर्शनी भाग अखंड कड्यातून कोरलेला आहे. वेरूळच्या कैलास लेण्याप्रमाणेच हे कामही वरून खाली करत आणले गेले. खज्ना म्हणजे खजिना. शिखरावरील दगडी कलशात संपत्ती दडली आहे, अशी समजूत होती आणि तो फोडण्यासाठी झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा आजही त्यावर दिसतात. वास्तविक कलश भरीव आहे, आणि ही वास्तू बहुधा राजाचे थडगे असावी. १८१२ साली योहान लुडविग बुर्कहार्ट हा स्विस प्रवासी अरबी वेशात येथे आला आणि युरोपला या नगराची नव्याने ओळख झाली.

येथे किमान अर्धा तास बसावे. सकाळच्या पहिल्या प्रहरानंतर ऊन या दर्शनी भागावर उतरते आणि दगडाचा रंग पालटत जातो. बसणे हा येथील पाहण्याचाच एक प्रकार आहे; ते थकल्याचे लक्षण समजू नये. याच वेळी शरीराचाही कानोसा घ्यावा. छातीत दडपण आहे का? एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का? पोटऱ्यांत गोळे येतात का? पायात जोडा कोठे घासतो आहे का? मधुमेह असणाऱ्यांनी तर मोजा काढून पाय डोळ्यांनी पाहावा, कारण संवेदना कमी झालेल्या पायाला फोड कळत नाही.

उत्तरे समाधानकारक असतील तरच पुढे जावे. नसतील, तर येथून परतण्यात काहीही गमावले जात नाही. सीक आणि खज्ना ज्याने शांतपणे पाहिला, त्याने पेट्राचा प्राण पाहिला.

पुढचे दोन किलोमीटर

खज्न्याच्या पुढे वाट रुंद होते आणि सावली विरळ. दोन्ही बाजूंना थडग्यांच्या ओळी लागतात, मग कड्यात कोरलेले अर्धवर्तुळाकार प्रेक्षागृह येते. समोरच्या डोंगरात राजथडगी आहेत. त्यांतील ‘कलश-थडगे’ पाचव्या शतकात चर्चमध्ये रूपांतरित झाले. तेथे चढून जाण्यास पायऱ्या आहेत, पण खालूनही ही थडगी उत्तम दिसतात. विशेषतः उतरत्या दुपारी, जेव्हा दगडातील तांबडे, पिवळे, जांभळे पट्टे उजळून निघतात.

पुढे स्तंभांची रांग असलेला राजमार्ग आहे. इसवी सन १०६ मध्ये हे राज्य रोमन साम्राज्यात गेले, व्यापाराच्या वाटा हळूहळू बदलल्या आणि ३६३ सालच्या भूकंपाने नगराचा मोठा भाग कोसळला. कड्यात कोरलेले उरले, जमिनीवर रचलेले बव्हंशी पडले. रोमन फरशी येथे घोट्याला कसोटीची आहे; काठी असेल तर येथे ती हाती घ्यावीच.

आठशे पायऱ्यांचा प्रश्न

नगराच्या तळापाशी पोहोचल्यावर अद-देरची ओढ लागते. ती वास्तू खज्न्याहूनही मोठी, सुमारे सत्तेचाळीस मीटर उंच आहे. सहलीतील तरुण मंडळी निघतात आणि ज्येष्ठांनाही वाटते, इतक्या दूर आलो, आता मागे का राहावे?

याचे उत्तर पायऱ्यांतच आहे. त्या ओबडधोबड, कोठे झिजलेल्या, कोठे वाळूने निसरड्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी कठडा नाही. चढताना हृदय व श्वास यांची परीक्षा होते, उतरताना गुडघे व तोल यांची. अपघात बहुधा उतरताना होतात. शिवाय या चढणीनंतरही प्रवेशद्वारापर्यंतचे चार किलोमीटर शिल्लकच असतात. हृदयविकार, तीव्र संधिवात, तोल जाण्याची तक्रार किंवा अलीकडे झालेली शस्त्रक्रिया असेल, तर हा मोह आवरावा.

गाढवावरून वर नेण्याचा आग्रह वाटेत होत राहील. कड्यालगतच्या पायऱ्यांवर, खोगिराला धरून तोल सांभाळणे वृद्ध शरीराला सोपे नाही. अस्थिक्षय झालेल्या हाडांना एक पडणे पुरेसे होते. त्या मुक्या जनावराच्या हालांचाही विचार व्हावा. हसून, ठामपणे नकार द्यावा.

निरोगी, सरावलेल्या व्यक्तीला अद-देर पाहायचेच असेल, तर त्यासाठी दुसरा दिवस राखावा. दोन दिवसांचे तिकीट एका दिवसाच्या तिकिटापेक्षा थोडेच महाग असते. ज्येष्ठांसाठी पेट्रातील हा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय.

ऊन, पाणी आणि औषधे

मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चालण्यास अनुकूल. उन्हाळ्यात दुपार भाजून काढते, तर हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ कडाक्याची थंडी असते. सकाळी लवकर आत शिरावे आणि दुपारच्या उन्हापूर्वी परतीला लागावे.

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. तेथील हवा कोरडी असल्याने घाम लगेच सुकतो आणि शरीरातले पाणी किती गेले हे कळत नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर किती प्यावे हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

येथे एका नाजूक गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणीच पीत नाहीत. संकोचापोटी त्या हे कोणाला सांगतही नाहीत. स्वच्छतागृहे मोजक्याच ठिकाणी आहेत. प्रवेशाच्या वेळीच नकाशावर त्यांच्या जागा पाहून घ्याव्यात आणि आईला किंवा सासूबाईंना त्या आपणहून सांगाव्यात. एवढ्याने त्यांच्या हातातील बाटली रिकामी होऊ लागेल.

रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उन्हात चक्कर येण्याची शक्यता अधिक असते. त्या दिवशीच्या मात्रेबद्दल डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारावे. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नये. हृदयाची गती रोखणारी काही औषधे घेणाऱ्यांची नाडी श्रम होऊनही फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटी घड्याळावरील आकडा फसवा ठरतो. त्यापेक्षा बोलताना धाप लागते का, हीच कसोटी खरी.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर इतक्या चालण्याने वाटेत, तसेच त्या रात्रीही, उतरू शकते. खिशात ग्लुकोज, सोबत खजूर किंवा राजगिऱ्याची वडी असावी. इन्सुलिन तापलेल्या बसमध्ये ठेवू नये. जॉर्डनचे घड्याळ भारताच्या अडीच तास मागे असते; आपल्याकडे सकाळचे साडेदहा वाजतात, तेव्हा तेथे आठ. त्यानुसार औषधांच्या वेळा कशा ठेवाव्यात, याचा तक्ता डॉक्टरांकडून करून घ्यावा.

उन्हात बसलेली व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, अंग तापले, ग्लानी आली, तर तो साधा थकवा नव्हे. ताबडतोब सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि मदत बोलवावी. जॉर्डनमध्ये तातडीच्या मदतीचा क्रमांक ९११ आहे. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

सोबत करणाऱ्यांसाठी

मुले पुढे चालतात, छायाचित्रे काढतात आणि मागे वळून हाक मारतात, ‘बाबा, जमतंय ना?’ बाबा उत्तर देतात, ‘हो, हो, चला तुम्ही.’ या ‘हो’वर विसंबू नये. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होतो, ही भावना वृद्धांना थकव्याहून अधिक छळते आणि तीच त्यांना झेपणार नाही इतके चालवते.

म्हणून चालीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याने ठरवावा आणि त्यालाच पुढे ठेवावे. ‘दमलात का?’ असे विचारण्याऐवजी ‘येथे जरा बसून पाहू या’ असे म्हणावे. परतण्याचा निर्णयही ‘आता आईंना झेपणार नाही’ अशा शब्दांत जाहीर करू नये. आदल्या रात्री ठरलेला थांबा आला, म्हणून सर्व जण वळले, एवढेच असावे. कोणाला पुढे जायचे असल्यास जावे, मात्र ज्येष्ठांजवळ एक माणूस थांबलाच पाहिजे. विस्मरणाचा विकार असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, हॉटेलचा पत्ता आणि कुटुंबाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

मेणबत्त्यांच्या उजेडात रात्री खज्न्यापर्यंत नेणारा कार्यक्रम मोहक खरा, पण मोतीबिंदू किंवा तोलाची तक्रार असलेल्यांनी अंधारातील उंचसखल वाट टाळावी.

तयारी घराजवळच

निघण्यापूर्वी दोन-तीन महिने रोज चालण्यास आरंभ करावा आणि अंतर दर आठवड्याला थोडे वाढवावे. केवळ सपाट बागेत चालणे पुरेसे नाही. आठवड्यातून दोनदा जिने किंवा टेकडी चढ-उतार करावी; पुण्यातील वाचकांना पर्वती आहे, बोरिवलीकरांना कान्हेरी. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, हा मांड्यांना बळ देणारा साधा व्यायाम आहे. नवे जोडे प्रवासात प्रथमच घालू नयेत. हृदयविकार, मधुमेह किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी हा सराव सुरू करण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी. सलग चार किलोमीटर, वाटेत चढ घेऊन, आरामात चालता येऊ लागले, की खज्न्यापर्यंत जाऊन परतण्याचा बेत निर्धास्तपणे करावा.

निघण्याच्या आदल्या रात्री

• शेवटचा थांबा आणि परतीची वेळ सर्वांना सांगितली का?
• दिवसभराची औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातील पिशवीत आहे का?
• छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची गोळी दिलेली असेल, तर ती ज्येष्ठांच्या स्वतःच्या खिशात आहे का? सोबत्याला ती माहीत आहे का?
• पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, खाऊ, रुंद काठाची टोपी, काठी आणि पातळ स्वेटर घेतले का?
• जवळच्या रुग्णालयाची चौकशी हॉटेलात केली का?
• प्रवास-विम्यात जुन्या आजारांची नोंद आहे का?

नबातियनांचे खडक दोन हजार वर्षे थांबले आहेत. ते आपल्यासाठी आणखी एक सकाळ सहज थांबतील. जितके झेपेल तितके पाहावे आणि हसत्या चेहऱ्याने, स्वतःच्या पायांनी परत यावे.